अहो घुलेबाई

घुलेबाईंनी मला बसायला शिकवलं. हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण तेव्हा मी लग्न झालेली, गणिताची पदवी घेतलेली आणि पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली शिक्षिका होते. बसायला आपल्याला येतं असा माझा समज होता. शिक्षकखोलीत मी खुर्चीच्या पुढच्या काठावर टेकायची, पर्स मांडीवर, गुडघे जुळलेले, कुणी काही म्हणालं तर लगेच उठता येईल अशी. एक दिवस पीटीच्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खुर्ची शाळेची आहे. पूर्ण वापरली तरी चालते."

त्या म्हणजे सुभद्रा घुले. हडपसरच्या पलीकडे त्यांच्या वडिलांचा उसाचा मळा होता. मुलगी लग्नाला नाही म्हणते, आणि पळते मात्र घोड्यासारखी, हे बघून वडिलांनी फार वाद न घालता तिला पीटीच्या शिक्षणाला पाठवलं होतं. उंच, सावळ्या, रुंद खांद्यांच्या. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. शाळेत त्या अगदी शहरी मराठी बोलायच्या, पण चिडल्या की मळ्यावरची भाषा बाहेर यायची आणि मुली खुसखुसायच्या. पोटात दुखतंय म्हणून मैदान टाळणाऱ्या मुलीला त्या म्हणायच्या, "पोट आहे म्हणजे दुखणारच. पोटासकट पळ." मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. मी 'गणित' होते. "काय गणित, आज डब्यात काय?" असं भर शिक्षकखोलीत विचारायच्या, आणि उत्तराची वाट न बघता डबा उघडायच्या.

त्यांच्याबरोबर आपटेबाई असायच्या. नलिनी आपटे, आमच्या शिवणाच्या बाई. गोऱ्या, नाजूक, हळू बोलणाऱ्या. लग्न होऊन वर्षभरात नवऱ्याने त्यांना माहेरी आणून सोडलं होतं आणि त्याचं कारण कधीच दिलं नव्हतं. या दोघींनी मिळून वारज्याला जमिनीचा छोटासा तुकडा घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. तेव्हा वारजं म्हणजे शेतं आणि मधूनमधून घरं. इतक्या लांब राहायला कशाला गेलात, असं कुणी विचारलं की घुलेबाई म्हणायच्या, "तिथं शेजार नाही म्हणून." विचारणाऱ्याला वाटायचं, बाई थट्टा करताहेत.

रोज सकाळी दोघी सायकलवरून यायच्या. घुलेबाई पुढे, आपटेबाई मागे. वळण आलं की घुलेबाई दोनदा घंटी वाजवायच्या. पुढे रस्ता मोकळाच असायचा. ती घंटी मागच्यासाठी असायची.

पेठेतल्या एका महिला मंडळाचं दरवर्षी नाटक व्हायचं, आणि आमच्या शाळेतल्या तीन-चार जणी त्यात असायच्या. नाटकात सगळ्या बायकाच. नायक, सासरा, डॉक्टर, इन्स्पेक्टर, सगळी कामं बायकाच करायच्या. बाहेरच्या पुरुषांबरोबर काम करायला घरून परवानगी नव्हती, आणि पुरुषांना मंडळात घेतलं असतं तर तालमीच्या वेळी चहा कोण करणार हा प्रश्न उभा राहिला असता. मला पाठांतर चांगलं म्हणून प्रॉम्प्टर केलं. त्यामुळे घुलेबाईंची जवळजवळ सगळी कामं मी विंगेतून, बाजूने पाहिली.

बाकीच्या बायका पुरुषाचं काम करायच्या तेव्हा प्रेक्षक हसायचे. कोट ढगळ, मिशी एका बाजूने सुटलेली, आवाज मुद्दाम घोगरा केलेला. सगळं खेळीमेळीचं असायचं, आणि प्रेक्षकांत बसलेल्या मुलांना आई ओळखू आली की ती ओरडायची. घुलेबाई धोतर-कोट घालून आल्या की हसणं थांबायचं. आवाज त्या बदलायच्या नाहीत, थोडा खाली आणायच्या एवढंच. स्टेजवर येऊन त्या टोपी काढायच्या, खुंटीला अडकवायच्या आणि खुर्चीत बसायच्या, की सगळ्या हॉलला वाटायचं, घरमालक घरी आला.

हे कुठून शिकलात, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, रविवारी स्वारगेटला जाऊन बसते. खरंच जायच्या. आपटेबाईंना घेऊन एसटी स्टँडच्या बाकावर तासन्‌तास बसायच्या आणि गाडीची वाट बघणारे पुरुष बघायच्या.

"बाईला कायम वाटतं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय," त्या मला म्हणाल्या. "पुरुषाला तसं वाटत नाही. एवढाच फरक आहे, गणित. बाकी सगळी मिशी."

त्यांच्या समोर नायिका बहुतेक वेळा आपटेबाई असायच्या. आपटेबाई काही मोठ्या अभिनेत्री नव्हत्या. वाक्यं विसरायच्या, हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळायचं नाही. पण घुलेबाई समोर आल्या की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आमच्या मंडळात दुसऱ्या कुणालाही आणता आलं नाही. माझ्या सासूबाई नाटकाचा तिटकारा असलेल्या बाई. सून नाटकात बडबडत नाही, फक्त विंगेत बसते, म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं होतं. त्यासुद्धा पहिल्या रांगेत येऊन बसायच्या, आणि एका प्रयोगानंतर त्यांनी आपल्या अंबाड्यातला गजरा काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "तुमच्या त्या साहेबांना दे." घुलेबाईंनी तो गजरा घेतला, क्षणभर हातात धरला आणि आपटेबाईंच्या केसांत माळला. सासूबाईंना ते आवडलं. म्हणाल्या, शोभला.

एकदा स्पर्धेत आमचे लागोपाठ दोन प्रयोग होते, एक दुपारी आणि एक संध्याकाळी. मधल्या वेळात रंग उतरवून पुन्हा लावण्यात अर्थ नव्हता. घुलेबाई कोट, धोतर, मिशी अशा तशाच बाहेर पडल्या, बरोबर आपटेबाई नाटकातल्या जरीच्या साडीत, आणि मी. कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरलो. गल्ल्यावरचे मालक उठून म्हणाले, "या साहेब, फॅमिली रूम रिकामी आहे."

फॅमिली रूम म्हणजे पडदा लावलेलं एक खोपटं, आत टेबल आणि दोन बाकं. आम्ही आत बसलो. आता या दोघी पोट धरून हसणार असं मला वाटलं, आणि मी हसायच्या तयारीत होते. पण कुणी हसलं नाही. आपटेबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. नाटकात तो प्रसंग नव्हता. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "अहो, तुम्ही काय घेणार?"

घुलेबाईंनी मागे पाठ टेकली. डोळे पडद्याकडे होते. मग म्हणाल्या, "तू घेशील ते."

मी काय समजायचं ते समजले आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. त्या दोघींना पुण्यात चारचौघांत नवरा-बायको म्हणून बसायला मिळालेली ती एवढीच वेळ असावी. मालकांनी जाताना साहेबांना बडीशेप दिली.

आपटेबाई घुलेबाईंना 'अहो' म्हणायच्या, हे मला त्यानंतर ऐकू यायला लागलं. खरं तर त्या पहिल्यापासूनच म्हणत होत्या. आमच्या शाळेत सगळ्याच बायका एकमेकींना अहो-जाहो करायच्या. अहो घुलेबाई, अहो आपटेबाई, अहो शिपाईदादा. त्या गर्दीत तो एक 'अहो' सहज मिसळून गेला होता. घुलेबाई मात्र त्यांना 'आपटे' म्हणायच्या, तेही अरे-तुरेच्या सुरात. "आपटे, चल. आपटे, डबा घेतलास का?" मुलांच्या शाळेत एखाद्या मुलाला हाक मारावी तसं. लोकांना ते उद्धट वाटायचं, आणि आपटेबाई बिचाऱ्या किती सोसतात, असं शिक्षकखोलीत बोललं जायचं. आपटेबाई ते ऐकून मान खाली घालून काजं करत राहायच्या.

मग मंडळात वारं बदललं. सगळीकडे बायका-पुरुष एकत्र काम करायला लागले होते आणि बायकांनी मिश्या लावणं जुनाट वाटायला लागलं होतं. मंडळाच्या सेक्रेटरी कानिटकरबाई. हुशार बाई, शिस्तीच्या, वाईट अजिबात नव्हत्या. त्यांनी ठरवलं की यंदा खरे पुरुष घ्यायचे. बँकेतले दोन हौशी नट आले. नायकाचं काम त्यातल्या एकाला गेलं आणि घुलेबाईंना नायिकेच्या आत्याचं दिलं. कारण दिलं ते काळ बदलल्याचं. पण त्याआधीच्या नाटकात घुलेबाईंनी शेवटच्या प्रवेशात आपटेबाईंचा हात हातात घेतला होता. संहितेत तो नव्हता, आणि पडदा पडल्यावरही तो सुटला नव्हता. ते काही जणींनी पाहिलं होतं. त्याबद्दल कुणी बोललं नाही, पण आपटेबाईंना त्या वर्षी कामच नव्हतं.

घुलेबाई आत्याच्या कामाला उभ्या राहिल्या. मी पुस्तक घेऊन समोर बसले होते. नऊवारी नेसून त्या आल्या, पहिलं वाक्य म्हणाल्या आणि थांबल्या. कानिटकरबाईंनी सुचवलं की जरा पदर सावरत बोला. त्यांनी पदर सावरून पाहिला. कमरेवर हात ठेवून पाहिला. ज्या बाईपुढे सगळा हॉल गप्प बसायचा ती बाई पहिल्यांदाच स्टेजवर आल्यासारखी अवघडून गेली होती. बँकेतला नट हसला, तो काही वाईट मनाने नाही.

घुलेबाई खाली उतरल्या, माझ्या हातातलं पुस्तक मिटवलं आणि कानिटकरबाईंना म्हणाल्या, "बाईचं काम मला येत नाही. जन्मभर करतेय, तरी जमत नाही."

बाकीच्यांना तो विनोद वाटला. मी हसले नाही.

त्या वर्षी त्यांनी एक नाटुकलं रचलं. लिहिलं असं म्हणता येणार नाही, कारण त्यांनी ते कागदावर उतरवलं नाही. वारज्याच्या घरात दोघी बोलत बोलत ते बसवत गेल्या आणि रविवारी मला ऐकायला बोलावत गेल्या. त्याला नावही नव्हतं. आम्ही आपसांत त्याला 'बिनमिशीचं' म्हणायचो, कारण त्यात घुलेबाई पहिल्यांदाच मिशी लावणार नव्हत्या.

गोष्ट अगदी साधी. दोन शिक्षिका एका बिऱ्हाडात राहतात. एकीची बदली झाली आहे. ट्रंक उघडी आहे आणि भांड्यांची वाटणी चालली आहे. हे पातेलं तुझं की माझं? ही किसणी कुणी आणली होती? एकीला आठवतं एक, दुसरीला दुसरं. भांडतात, हसतात, पुन्हा भांडतात. कुठलीच वस्तू कुणाची ते ठरत नाही. मग जिला जायचं आहे ती म्हणते, "मला तिथं झोप लागणार नाही." दुसरी विचारते, का? ती म्हणते, "तू शेजारी नसशील म्हणून." बस्स, एवढंच. मग ट्रंक रिकामी करून दोघी भांडी पुन्हा फळीवर लावतात.

मंडळाच्या वर्धापनदिनाला नवीन नाटकाचा प्रयोग होता. हॉल भरला होता आणि सेट काही लागत नव्हता. एक दार उलटं बसवलं गेलं होतं. अर्धा तास कसा भरून काढायचा म्हणून कानिटकरबाई हैराण झाल्या होत्या. घुलेबाई प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, आमचं एक छोटंसं बसवलेलं आहे, पडद्यापुढे करतो. कानिटकरबाईंनी विषय विचारला. भांड्यांचा, असं घुलेबाईंनी सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मंडळाच्या स्वयंपाकघरातली भांडी आणि कपड्यांची एक ट्रंक घेऊन दोघी पुढे गेल्या. पाठीमागे मधला पडदा, समोर दर्शनी पडदा उघडा. घुलेबाई रोजच्या पांढऱ्या साडीत, बूट काढलेले. मी विंगेत होते, पण पुस्तकच नव्हतं, त्यामुळे नुसतीच उभी होते.

किसणीवरून बायका इतक्या हसल्या की दोघींना थांबावं लागलं. प्रत्येकीच्या घरातलीच किसणी होती ती. मग ते झोपेचं वाक्य आलं. घुलेबाईंनी ते आपटेबाईंकडे बघून, कुठलाही नाटकी आवाज न काढता, घरात म्हणावं तसं म्हटलं. हसणं मध्येच कापल्यासारखं थांबलं. कुणीतरी खोकलं. मागच्या दोघी-तिघी उठल्या. कानिटकरबाई विंगेत माझ्या शेजारी आल्या आणि दोरीवाल्याला म्हणाल्या, "पाडा पडदा."

घुलेबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं आणि हॉलला इतकी वर्षं ओळखीचा असलेला तो घरमालकाचा आवाज काढला. "थांबा. अजून डबे लावायचे राहिलेत."

दोरीवाला थांबला. मग त्या दोघींनी एकेक डबा, एकेक पातेलं ट्रंकेतून काढून मांडलं. कसलीही घाई नाही. सगळा हॉल ते डबे बघत बसला. शेवटी टाळ्या झाल्या त्या तुरळक. माझ्या सासूबाई मात्र टाळ्या वाजवत होत्या. घरी जाताना रिक्षात त्या म्हणाल्या की त्या दोघींना एकदा जेवायला बोलव. पुढच्या रविवारी दोघी आमच्याकडे जेवल्या. सासूबाईंनी पुरण घातलं होतं.

मंडळाने त्यांना काढलं नाही. पुण्यात माणसाला काढत नाहीत, कळवायचं राहून जातं. पुढच्या वर्षी बैठकीची सूचना त्या दोघींना आली नाही. मी चौकशी केली तर कानिटकरबाई म्हणाल्या, अगंबाई, पोचली नाही का?

गोष्ट सांगलीला, आपटेबाईंच्या माहेरापर्यंत मात्र पोचली. आपटेबाईंचे थोरले भाऊ एका रविवारी वारज्याला आले. मी तिथेच होते. गृहस्थ सभ्य होते, आवाज चढवत नव्हते. म्हणाले, बहिणीने आता पुष्कळ नोकरी केली, आमच्याकडे मोठं घर आहे, तिने हक्काने यावं, इथे असं परक्या बाईबरोबर राहणं लोकांना बरं दिसत नाही. हे सगळं ते घुलेबाईंकडे बघून बोलत होते. मला वाटलं, घुलेबाई आता एका वाक्यात याला गार करणार. त्यांनी केलं नाही. "तिला विचारा," एवढंच म्हणून त्या आत चहा करायला गेल्या.

आपटेबाई शिवणयंत्राशी बसल्या होत्या. त्यांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"दादा, एकदा मला माहेरी आणून सोडलं, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही विचारताय, हे चांगलं आहे. पण मी माझ्याच घरी आहे. जेवून जा."

भाऊ जेवले नाहीत, पण चहाला थांबले. चहा येईना म्हणून मी आत गेले. घुलेबाई स्टोव्हपुढे उकिडव्या बसल्या होत्या. हातात काडेपेटी होती, पण स्टोव्ह पेटलेला नव्हता. आजूबाजूला मोडलेल्या काड्या पडल्या होत्या. मी पेटी घेतली आणि स्टोव्ह पेटवला. त्या पुटपुटल्या, "गेली असती तर मी काय केलं असतं गं?" बाहेरचं आपटेबाईंचं बोलणं त्यांनी ऐकलंच नव्हतं. मी ते सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग पदराने तोंड पुसलं आणि कपबशा मांडल्या.

त्यानंतर त्या दोघी स्टेजवर गेल्या नाहीत. शाळा, घर, परसातली भाजी. निवृत्त झाल्या. वारज्याच्या शेतांवर इमारती आल्या, शेजारून महामार्ग गेला, आणि शेजार नाही म्हणून घेतलेल्या त्या घराला चारी बाजूंनी गॅलऱ्या येऊन टेकल्या. मी पुढे मुख्याध्यापक झाले. संस्थेच्या बैठकीत बाकी सगळे पुरुष. पहिल्याच दिवशी मी खुर्चीत पाठ टेकून बसले, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवली, आणि माझं बोलणं मध्येच तोडायला कुणी धजावलं नाही. ही कमाई माझी नाही, त्यांची आहे. ते त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मिशी लावली होतीस का?"

आम्ही सगळ्याच म्हाताऱ्या झाल्यावर एक दिवस ऋचा नावाची मुलगी माझ्याकडे आली. आयटीत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी नाटक. तिच्यासारख्या, म्हणजे मुलीवर प्रेम करणाऱ्या मुली, मुलावर प्रेम करणारी मुलं, अशांचा त्यांचा एक ग्रुप होता. ती कानिटकरबाईंची नात निघाली. म्हणाली, आजी शेवटपर्यंत एका नाटकाची गोष्ट सांगायची. मी पडदा पाडा म्हटलं आणि त्या बाईने ऐकलं नाही, असं म्हणून हसायची. त्या बाई कोण, हे तिला हवं होतं. मी तिला घेऊन वारज्याला गेले.

ऋचाने फोन पुढे ठेवून रेकॉर्डिंग लावलं आणि बिचकत विचारलं, "मॅम, म्हणजे त्या टाइमला तुम्ही स्वतःला काय म्हणायचात? काही वर्ड होता का?"

घुलेबाईंनी आपटेबाईंकडे पाहिलं. "काही म्हणायचो नाही," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलंच नाही. तू पहिली."

ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं. घुलेबाईंनी तिला नाक शिंकरून यायला सांगितलं आणि मग आठवून आठवून सगळं नाटुकलं म्हणून दाखवलं. जिथे अडल्या तिथे मी सांगितलं. आपटेबाईंना त्या वयातही स्वतःची वाक्यं पाठ नव्हती.

मुलांनी ते बसवायला घेतलं. हॉल काही मिळेना. विषय कळला की तारीख नेमकी भरलेली निघायची. हे घुलेबाईंच्या भाच्याच्या, दत्ताच्या कानावर गेलं. मळ्याच्या जागेवर आता त्याचं मंगल कार्यालय उभं होतं. घरच्यांशी घुलेबाईंचा संबंध सणापुरता होता, आणि सणाला त्या एकट्या जायच्या. कार्यालयात प्रयोग करा म्हणून सांगायला दत्ता गाडी घेऊन वारज्याला आला. घुलेबाईंनी त्याला आधीच बजावलं की नाटक कशावर आहे ते विचारून घे, मागाहून तक्रार नको.

"म्हाईत हाय," दत्ता म्हणाला. "समद्या घराला म्हाईत हाय, आत्या. तू कधी सांगितलं न्हाईस, म्हणून आमी इचारलं न्हाई. ह्या आत्यालाबी घिऊन ये."

घुलेबाईंनी गावाकडच्या भाषेत त्याला दोन शिव्या दिल्या. मग उठून बाहेर परसात जाऊन उभ्या राहिल्या.

प्रयोगाला दोनेकशे माणसं असतील, निम्मी ऋचाच्या ओळखीची, बाकीची दत्ताची. घुलेबाईंचं काम ओजस नावाचा मुलगा करत होता. तो मुलगी म्हणून जन्माला आला होता आणि आता मुलगा म्हणून राहत होता. या नाटकात त्याला बाईचं काम होतं. साडी नेसायची म्हणून तो सकाळपासून बेचैन होता. घुलेबाई रंगपटात गेल्या, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ऋचाला सांगितलं की साडी नको, याला कोट दे, नाटकाचं काही बिघडत नाही. मग स्वतःच्या हाताने त्याच्या कोटाची कॉलर बसवली.

"मला प्रयोग संपला की उतरवावा लागायचा," त्या त्याला म्हणाल्या. "तू घरी घालून जा."

किसणीवर याही वेळी बायका हसल्या. झोपेच्या वाक्याला शांतता झाली. कुणी उठलं नाही.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, हिवाळ्यात, घुलेबाई गेल्या, वारज्याच्या घरातच. झोपेतच गेल्या, आपटेबाई शेजारी होत्या. मी तेव्हा पाय मोडून पडले होते, जाऊ शकले नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या कार्यालयातच.

प्रयोग संपला तेव्हा मुलांना या दोघींना भेटायचं होतं. हॉलमधल्या खुर्च्या दत्ताच्या माणसांनी आवरायला घेतल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी तिथे लग्न होतं. दोघींना बसवायला स्टेजवर उद्याच्या नवरा-नवरीसाठी आणून ठेवलेला लाल मखमलीचा सोफा तेवढा होता. दत्ताने आत्यांना हाताला धरून वर नेलं आणि त्यावर बसवलं. घुलेबाई सोफ्याला पूर्ण पाठ टेकून, पाय ऐसपैस सोडून बसल्या. आपटेबाई काठावर टेकल्या, मग घुलेबाई काहीतरी म्हणाल्या, तशा त्याही मागे सरकल्या. मुलांची रांग लागली. एका बाजूच्या पायऱ्यांनी चढायचं, दोघींच्या मध्ये किंवा मागे उभं राहून फोटो काढायचा, वाकून नमस्कार करायचा आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. तिथे रांग तशीच लागते. ऋचा गेली, ओजस गेला, मग दत्ताची बायको आपल्या सुनांना घेऊन चढली आणि तिने दोघींना हळदीकुंकू लावलं.

मला न्यायला मुलगा आला होता. दारातून मी मागे वळून पाहिलं. घुलेबाई कुणाचा तरी हात हातात घेऊन त्याला काही सांगत होत्या. रांग अजून खालपर्यंत होती. आपटेबाईंनी त्यांच्याकडे वाकून, आवाज जराही न दाबता, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, दमलात का?"

घुलेबाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि पुढच्या माणसाला वर बोलावलं.